धुळीची गाडी आणि हंडाभर पाणी

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या आळीत पाऊल ठेवायला कोरडी जागा सापडत नाही. प्रत्येक दारात एखादी मोटार, निदान एखादी फटफटी उभी असते आणि नळाला लावलेली रबरी नळी तिच्या अंगावर सारखी वाहत असते. पोरे ओरडत असतात, कुणाच्या तरी धोतराला किंवा साडीला चिखल लागतो, आणि दुपारपर्यंत सगळी वाहने झेंडूच्या माळा घालून नवऱ्यामुलासारखी सजतात. हा सोहळा मला आवडतो. शस्त्रे गेली, घोडे गेले. पूजेला आता गाडी आली, एवढेच. पण यंदा त्या वाहत्या नळीकडे पाहताना मला सारखी माघातली एक संध्याकाळ आठवत होती, आणि त्या संध्याकाळीपासून सुरू झालेला एक नाद हा लेख लिहायला कारण झाला आहे.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. शाळेत असताना त्याला इतिहासाचा भारी कंटाळा; पण आता स्वतःची जीप घेऊन तो जुन्या वाटा, घाट आणि माळ धुंडाळत हिंडतो, रात्री तंबू ठोकून रानातच राहतो. "सर, एकदा चला तर खरे," असे दोन वर्षे म्हणत होता. शेवटी माघात त्याच्याबरोबर माणदेशच्या माळावर गेलो. त्या मुलखात त्या दिवसांत काय असते हे सातारकरांना सांगायला नको. पिठासारखी धूळ आणि गुडघाभर वाळलेले कुसळी गवत. दुसऱ्या दिवशी दुपारी एक चढ चढताना जीपचा काटा तांबड्यावर गेला. वाफ आली. झाकण उचलून पाहतो तो काय, रेडिएटरच्या बारीक जाळीत धूळ आणि कुसळे अशी गच्च बसली होती की वाऱ्याला आत शिरायला तसूभर वाट नव्हती. जणू कुणी गोधडीच पांघरली होती.

जवळच्या वस्तीवरून आम्ही हंडाभर पाणी मागून आणले. इंजिन निवेपर्यंत बसलो. मग त्या पोराने गाडीच्या मागून शेतकऱ्याचा पाठीवरचा फवारणी पंप काढला! त्यात ते पाणी ओतले, नोझल जाळीच्या आतल्या बाजूने धरली आणि हलक्या फवाऱ्याने कुसळे उलटी बाहेर ढकलायला सुरुवात केली. बाहेरून पाणी मारले असते तर ती आणखी आत रुतली असती. अर्ध्या तासात जाळी मोकळी झाली. उरलेल्या पाण्यात पुढची काच आणि दिवे झाले. पाणी देणारी आजी तोवर बांधावर बसून सगळे पाहत होती. काम झाल्यावर तिने विचारले, "किती पानी लागलं रं?"

"हंडाभरच, आजी."

ती काही बोलली नाही. तिने हंडा उचलून पालथा करून पाहिला आणि कडेवर घेऊन निघाली. ती विहिरीकडे निघाली आहे हे मला थोड्या वेळाने कळले. विहीर वस्तीपासून अर्ध्या मैलावर होती.

परतताना मी त्या मुलाला विचारले, "अरे, ही पंपाची युक्ती तुला कुणी शिकवली?" तो हसून म्हणाला, "ते तुम्ही शोधा सर. इतिहास तुमचा विषय." मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेला नाही, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्याच्या इतिहासावर विद्वानांनी विश्वास ठेवू नये हेही मला ठाऊक आहे. तरी पण शोधत गेलो. आणि लक्षात आले की माणूस गावाबाहेर पडून मुक्कामाला राहू लागला तेव्हापासून त्याच्यापुढे हा प्रश्न आहे: वाहन धुळीने माखले आहे, पाणी दूर आहे, मग काय करायचे?

घोडेस्वाराने त्याचे उत्तर पाण्याशिवायच काढले होते. खरारा! घोड्याच्या अंगावरची धूळ आणि वाळलेला घाम दातेरी खराऱ्याने उकरून, मग गवताच्या बोळ्याने किंवा कापडाने पुसून काढायचा. पाणी घोड्याच्या पोटात गेले पाहिजे, अंगावर नव्हे. खराऱ्याशिवाय रात्र गेली तर खोगिराखाली अडकलेल्या खड्याने पाठ लागते, आणि पाठ लागलेला घोडा म्हणजे पायी चालणारा स्वार. चमक दिसावी म्हणून खरारा कुणी करीत नसे. आणि पुढे सांगणार आहे त्या साऱ्या हकिकतींत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा येते.

पाणी वाहून नेण्याचे काम मात्र पखालीचे. वर्गात मी "रोग रेड्याला आणि औषध पखालीला" ही म्हण सांगितली आणि पखाल म्हणजे काय असे विचारले, तर चाळीस मुलांत एकही हात वर आला नाही. रेड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी कातड्याची मोठी पिशवी ती पखाल. माणसाच्या कमरेशी लटकणारी, बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याची ती मशक. मशकीचे तोंड म्हणजे त्या बकऱ्याची मान. ती मुठीत धरून भिस्ती हवी तेवढीच धार सोडी. घट्ट आवळली तर थेंब, सैल केली तर फवारा. रस्त्यावर सडा घालताना तो मनगट असे काही फिरवी की पंख्यासारखे पाणी पसरे. आजच्या नोझलला जे करावे लागते ते त्याची मूठ करीत असे. भिस्ती हा शब्द फारसी 'बिहिश्त'वरून आला. बिहिश्त म्हणजे स्वर्ग. तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गातला माणूस. १५३९ साली चौसाच्या लढाईत हरलेला हुमायून गंगेत बुडत असता निजाम नावाच्या भिस्त्याने त्याला फुगवलेल्या मशकीवर तारून नेले, आणि उपकाराची फेड म्हणून बादशहाने पुढे त्याला थोडा काळ तख्तावर बसवले, ही कथा प्रसिद्धच आहे. तख्तावरून उतरल्यावर त्याने पुन्हा मशक उचलली असेल की काय, असे मला नेहमी वाटते. पण त्यात बखरकारांना रस नव्हता.

आपल्याकडे शिवकालातल्या अठरा कारखान्यांच्या यादीत पीलखाना आहे, उष्ट्रखाना आहे, तोफखाना आहे, तंबूंचा फरासखाना आहे आणि पाण्याचा आबदारखानाही आहे. पुण्यात फरासखान्याचे नाव चौकीच्या रूपाने अजून लोकांच्या तोंडी आहे. आबदारखाना मात्र विसरला गेला. पाणी पाजणाऱ्याचे नाव मागे राहत नाही, असा काही नियमच असावा.

चाकाच्या वाहनाची गोष्ट निराळी. लाकडी चाकाला पाणी शोभेसाठी नव्हे, जीव राहण्यासाठी लागे. उन्हाळ्यात लाकूड सुकते, आकसते. आरे तुंब्यात खुळखुळू लागतात आणि बाहेरची लोखंडी धाव सैल होते. म्हणून आमच्या लहानपणी म्हातारे गाडीवान नदी लागली की गाडी मुद्दाम पाण्यात उभी करीत. बैल पाणी पीत, अंगावर पाणी उडवून घेत. चाके भिजत, लाकूड फुगे, धाव पुन्हा घट्ट बसे. धूळ धुऊन निघे ती फुकटातच. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचे १८२१ सालचे एक जगप्रसिद्ध चित्र आहे. त्यात गवताची रिकामी गाडी ओढ्याच्या मधोमध उभी आहे. शहरातल्या माणसाला वाटते, गाडीवान उगीच थांबला आहे. खेड्यातला माणूस एका नजरेत ओळखतो: घोड्यांचे पाय निवताहेत आणि चाके पाणी पिताहेत.

ही चाके मोटारीलाही सुटली नाहीत. १९०७ साली पेकिंगपासून पॅरिसपर्यंत मोटारींची शर्यत झाली. तीत इटलीचा राजपुत्र बोर्गेझे, त्याचा यंत्रज्ञ ग्विझार्दी आणि वार्ताहर बार्झिनी हे तिघे ईटाला मोटारीत बसून पहिले आले. त्या मोटारीच्या चाकांचे आरे लाकडी. सायबेरियाच्या वाटेवर ते सुटे होऊन करकरू लागले, तेव्हा त्यांनीही चाक काढून पाण्यात भिजत घातले. आणि पुढे एक चाक मोडले तेव्हा ते एका रशियन खेडुताने कुऱ्हाडीने लाकूड तासून नवे करून दिले. आमच्या सुताराच्या हाती ते चाक पडते तर त्याने काही वेगळे केले नसते.

यानंतर मोटार वाळवंटात शिरली आणि प्रश्नाचे रूपच पालटले. रॅल्फ बॅगनोल्ड नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी इजिप्तमध्ये नोकरीवर असता १९२० नंतरच्या दशकात सुट्टी मिळाली की फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात घुसे. जिथे शेकडो मैल विहीर नाही तिथे रेडिएटरचे पाणी उकळून वाफ होऊन गेले तर माणसाने प्यायचे की मोटारीने, हा सवाल येतो. बॅगनोल्डने आणि त्याच्या सोबत्यांनी रुळवलेली युक्ती मला फार आवडली. पहिल्या महायुद्धातल्या मोटार-तुकड्यांनाही ती ठाऊक होती. रेडिएटरच्या तोंडाशी एक नळी लावायची आणि तिचे टोक बाजूला अडकवलेल्या, अर्ध्या पाण्याने भरलेल्या डब्यात सोडायचे. वाफ नळीवाटे डब्यात जाते, गार पाण्यात तिचे पुन्हा पाणी होते. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी केली की रेडिएटर निवतो, आत पोकळी होते, आणि डब्यातले पाणी आपोआप परत वर ओढले जाते. एक थेंब वाया नाही! ज्याने हे प्रथम योजले त्याच्या घरी पाण्याचा तोटा असला पाहिजे, असे आमच्या घरातले मत पडले.

१९४० साली याच बॅगनोल्डने वाळवंटातून दूरवर शत्रूच्या पाठीमागे जाणारी मोटारींची तुकडी उभारली. पुढे तिच्या जोडीला भारतीय सैनिकांची एक लांब पल्ल्याची तुकडीही होती. आता वाचकांना वाटेल की या गाड्या धूत कशा? त्याचे उत्तर असे की धूतच नसत. तिथे धूळ हा शत्रू नव्हता, पांघरूण होते. चकचकीत काचेवर ऊन पडले तर ते मैलोगणती दुरून विमानाला दिसते. म्हणून या तुकडीच्या मोटारींच्या पुढच्या काचा काढूनच टाकल्या होत्या. स्वच्छ राखायचे ते इंजिनात हवा नेणारे गाळण, बंदुकीची नळी आणि रेडिएटरची जाळी. बाकीची गाडी मातीच्या रंगाची झाली तर ते बरेच.

त्या युद्धात आपली माणसेही होती. मराठा पलटणीची दुसरी बटालियन १९४२ च्या जूनमध्ये तोब्रूकमध्ये होती आणि तोब्रूक पडल्यावर शत्रूच्या हाती सापडली. देश आणि कोकणातली ही पोरे. ज्यांनी दुष्काळ पाहिला होता त्यांना मोजून मिळणारे पाणी नवे नसेल. ज्यांच्या अंगणातून पावसाळ्यात पऱ्हे वाहतो त्या कोकण्यांना ते कसे वाटले असेल, याची कल्पना करून पाहावी.

याच वाळवंटात पाण्याच्या डब्याची एक लढाई झाली. इंग्रजांकडे होते चार गॅलनचे पातळ पत्र्याचे चौकोनी डबे; आपल्याकडे घासलेट येई तसलेच. कावडीच्या दोन टोकांना ते बांधून पाणी भरणारे लोक आमच्या पिढीने लहानपणी पाहिलेले आहेत. पण मोटारीच्या धक्क्यांनी ते डबे शिवणीवर फुटत. तळावरून निघालेल्या पेट्रोलपैकी सुमारे तीस टक्के वाटेतच गळून जाई, असा खुद्द इंग्रज सेनापतीचाच अंदाज होता. रिकाम्या डब्याचा उपयोग मात्र सोल्जरांनी छान केला: अर्धा कापून त्यात वाळू आणि पेट्रोल घातले की चूल, उरलेला अर्धा म्हणजे हातपाय धुण्याचे घमेले.

जर्मनांकडे होता वीस लिटरचा जाड पत्र्याचा डबा. १९३७ मध्ये श्वेल्म गावच्या एका कारखान्यात ग्रुनफोगेल नावाच्या इंजिनियरने तो आखला. दोन साचेबंद अर्धुके एकत्र वितळजोड केलेली. वर एक नव्हे, तीन मुठी. म्हणजे एकटा माणूस दोन्ही हातांत मिळून चार रिकामे डबे नेऊ शकतो, आणि भरलेला डबा दोघांना मिळून धरता येतो. झाकण खटक्याचे, उघडायला पाना नको, ओतायला नरसाळे नको. आत हवेची नळी असल्याने पाणी गडगड न करता एकसारखी धार पडते. पोटात थोडी हवा राहते म्हणून भरलेला डबाही पाण्यावर तरंगतो. पाण्याच्या डब्यावर पांढरी फुली रंगवलेली, म्हणजे अंधारातही पेट्रोल कुणी पिऊ नये. इंग्रज सोल्जर जर्मनांना 'जेरी' म्हणत, म्हणून डबा झाला जेरीकॅन. शत्रूचा मुलूख जिंकण्याइतकाच आनंद त्याचे डबे हाती लागल्याचा होई.

या डब्याची हिंदुस्थानशी गाठ पडली ती युद्धाच्या आधीच, आणि तीही अशी की कादंबरीत घातली तर टीकाकार खोटी म्हणतील. रिचर्ड डॅनियल या अमेरिकन नौदलातल्या रसायन-इंजिनियराने ती लिहून ठेवली आहे. पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन इंजिनियर बर्लिनमध्ये काम करीत होता. १९३९ मध्ये काम संपल्यावर त्याने आपल्या जर्मन सहकाऱ्याला म्हटले, चल, मोटारीने हिंदुस्थानात जाऊ. दोघांनी चासी विकत घेतली, तिच्यावर हाताने सांगाडा चढवला. निघायची वेळ आली आणि ध्यानात आले की अडीनडीला पाणी कशात न्यायचे याची सोयच नाही. जर्मन मित्राला ठाऊक होते की टेंपलहोफच्या विमानतळावर लष्कराचे हजारो डबे पडून आहेत. त्याने तीन उचलले आणि मोटारीच्या पोटाखाली बसवले! अकरा देशांच्या सीमा ओलांडून ते इकडे आले. हिंदुस्थानचा निम्मा पल्ला गाठला असता गोअरिंगने विमान पाठवून त्या जर्मनाला परत नेले. पण जाण्यापूर्वी त्याने डब्याचा सगळा तपशील मित्राला देऊन टाकला. प्लाइस एकटाच कलकत्त्याला पोहोचला, मोटार तिथे ठेवून मायदेशी गेला, आणि "असा डबा करा" म्हणून अमेरिकन लष्कराच्या मागे लागला. नमुना नाही म्हणून कुणी ऐकेना. अखेर त्याने कलकत्त्याहून ती आख्खी मोटार आफ्रिकेला वळसा घालून न्यूयॉर्कला आणवली. १९४० च्या उन्हाळ्यात ती डब्यांसकट पोहोचली. लष्कराने डबा पाहिला आणि आमचा जुनाच बरा म्हणून सांगितले. शहाणपण पुढे आले. युद्ध संपले तेव्हा एकट्या युरोपात दोन कोटींहून अधिक जेरीकॅन होते, आणि १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी या डब्यांवाचून फ्रान्समधली वेगवान मुसंडी अशक्य होती असे जाहीरपणे सांगितले. कलकत्त्याच्या कुठल्याशा गोदामात धूळ खात पडलेल्या त्या मोटारीच्या पोटाला हे भवितव्य चिकटलेले होते, आणि शेजारून जाणाऱ्या हमालाला त्याचा पत्ता नव्हता!

आता राहिला पंप. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर युद्धात नव्हे, द्राक्षमळ्यात सापडले. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळ मेडॉक नावाचा द्राक्षांचा मुलूख आहे. तिथले बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी शिंपडीत. हेतू एवढाच की येणाऱ्याजाणाऱ्याने विष समजून घड तोडू नयेत. १८८२ सालच्या शरद ऋतूत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे तिकडून जात होते. त्यांनी पाहिले, रोगाने आतल्या वेलींची पाने गळाली आहेत आणि रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार! चोराच्या भीतीने औषध सापडले. १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. तेच आपले बोर्डो मिश्रण. आज नाशिककडचा द्राक्षबागाईतदार केवड्यासाठी आणि कोकणातला सुपारीवाला कोळेरोगासाठी ते वापरतो, त्यात मेडॉकच्या वाटसरूंचाही थोडा हिस्सा आहे.

पण प्रत्येक पानावर ते पोहोचवायचे कसे? आधी लोक झाडूच्या जुड्या बादलीत बुडवून शिंपडीत. मग त्याच दशकात विलफ्रांशच्या व्हिक्टर व्हेरमोरेलने पाठीवर घ्यायचा पंप बाजारात आणला. एका हाताने दांडा हलवायचा, दुसऱ्या हाताने नळी धरायची. आत हवेची छोटी कोठी असते. दांड्याचा दाब तिच्यात साठतो, म्हणून दांडा खालीवर झाला तरी फवारा तुटत नाही. भिस्त्याची मशक आणि मूठ दोन्ही पत्र्याची झाली, आणि पाठ मात्र माणसाचीच राहिली. नळाच्या रबरी नळीतून मिनिटाला दहा-पंधरा लिटर सहज वाहून जाते. हा पंप त्याच मिनिटात लिटरभर पाण्यात भागवतो. सोळा लिटरांत एक जीप धुऊन निघते ती यामुळे.

हल्ली आणखी पुष्कळ सोयी निघाल्या आहेत. टपावर बांधायची काळी नळकांडी असते; ती पाण्याने भरायची, दिवसभर उन्हात पाणी तापते, संध्याकाळी सायकलच्या पंपाने हवा भरली की धार सुरू. बॅटरीवर चालणारा एवढासा पंप बादलीत सोडता येतो. पैसे असतील त्याने ते जरूर घ्यावे. पण कुठलेही साधन असो, रीत एकच, आणि ती मला माझ्या विद्यार्थ्याने शिकवली. कोरड्या फडक्याने धूळ कधी पुसू नये. मातीत गारगोटीचे कण असतात, ते रंगाला कानशीसारखे ओरखडतात. आधी वरून बारीक फवारा द्यावा आणि दहा मिनिटे सोडून द्यावे. धूळ भिजते, जड होते. मग टपापासून खाली धार न्यावी, म्हणजे वरचेच पाणी खालची धूळ ओढत नेते. ओले फडके सर्वांत शेवटी. तापलेल्या काचेवर किंवा इंजिनावर गार पाणी ओतू नये. नदीत गाडी उभी करून धुणे हे बैलगाडीला शोभले. मोटारीचे तेल ओघळून खालच्या पाणवठ्यावर जाते. आणि ज्या पंपात एकदा तणनाशक घातले तो कितीही विसळला तरी या कामाला घेऊ नये. त्याने आपला पंप नवा घेऊन, वर पांढऱ्या रंगाने फुली काढून निराळा ठेवला होता. जर्मनांच्या डब्याची फुली त्याला ठाऊक नव्हती. मी सांगितली तेव्हा तो खूश झाला.

त्या संध्याकाळचे अजून थोडे सांगायचे राहिले. आजी विहिरीकडे निघाली आहे हे कळल्यावर आम्ही जीप घेऊन तिच्यामागे गेलो. ती म्हणाली, "तुमी कशाला?" तरी दोन वीस लिटरचे डबे होते ते भरले, तिचा हंडाही भरला, सगळे जीपमध्ये घालून तिला घरी सोडले. ओटीवर पाणी उतरून ठेवताना एका डब्याच्या झाकणाचा खटका तिला फार आवडला. तिने तो तीनचारदा उघडझाप करून पाहिला. "ह्यो एक ठिवून जाल का?" असे तिने विचारले आणि माझ्या विद्यार्थ्याने माझ्याकडे पाहिले.

उरलेले तीन दिवस आम्ही एकाच डब्यावर काढले. गाडी परत आळीत आली तेव्हा शेजाऱ्यांनी विचारले, "हे काय हो, रानातून माती विकत आणली की काय?" माझी बायको नळी घेऊन बाहेर आली होती. मी तिला म्हटले, "राहू दे. आधी बादली आण."